जिप्सीतल्या बलेनो इंजिनाचा बेल्ट: नंबर सगळ्यात शेवटी

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जिप्सीत जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन बसवलं. फॅन इलेक्ट्रिक केला. अल्टरनेटर, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, ९० अँपियरचा टाकला. आणि 'इंजिन मोकळं पळेल' म्हणून क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं, बेल्ट फिरवणारं चाक) लेथवर नवी करून घेतली, १५० मिमीच्या जागी १२८ मिमीची. आता आधीचा ४पीके९०० बेल्ट अल्टरनेटर पार बाहेर ओढला तरी ढिलाच राहतो. कॉटन मार्केटकडे तीन दुकानं फिरलात, तिघांनी तीन नंबर सांगितले.

दुकानदारांची काही चूक नाही. ते गाडीचं मॉडेल विचारतात आणि कॅटलॉग उघडतात. तुमची गाडी कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही. तेव्हा मॉडेल विसरा आणि बेल्ट ज्या वाटेनं फिरतो ती वाट मोजा. नंबर आपोआप निघतो.

आधी त्या नंबरात काय लिहिलंय ते. ४पीके९०० म्हणजे आतल्या बाजूला लांबीभर चार रिबा (उंचवटे) असलेला, पीके जातीचा, ९०० मिमी लांबीचा. पीकेच्या दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिमी असतं, म्हणजे चार रिबांचा बेल्ट साधारण सव्वाचौदा मिमी रुंद आणि सहा रिबांचा सव्वाएकवीस. ९०० ही लांबी बेल्टच्या पाठीवरची नसते, इथेच पुष्कळ जण फसतात. जुना बेल्ट कापून पाठीवर टेप लावला तर छापलेल्या आकड्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरतो. ते माप सांगून नवा घेतला की नवाही ढिला.

आता तुमचा हिशोब. क्रँक, वॉटर पंप आणि अल्टरनेटर असा तुमचा त्रिकोण आहे, एसीचा बेल्ट वेगळा. पुली लहान झाली की बेल्ट किती कमी लागेल हे त्या पुलीला तो किती अंशात मिठी मारतो त्यावर ठरतं. व्यासातला फरक गुणिले ३.१४, गुणिले मिठीचे अंश, भागिले ३६०. तुमच्या फोटोवरून क्रँकवर मला १३० अंशांच्या आसपास मिठी दिसते. २२ × ३.१४ × १३० ÷ ३६० म्हणजे २५ मिमी. तर ९०० मधून २५ गेले, ८७५. अल्टरनेटरचा ब्रॅकेट तोच असेल आणि त्याची पुली पूर्वीएवढीच असेल तर बेल्ट ८७५ च्या आगेमागे लागायला हवा.

पण कागदावरच्या ८७५ वर दुकानात जाऊ नका. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याला प्लास्टिकची पॅकिंग पट्टी येते ना, ती घ्या. सुतळी नको, सुतळी ताणली की दोन-तीन सेंटिमीटरचा गोंधळ सहज होतो. पट्टी ताणत नाही, आणि रुंद असल्यामुळे पुलीच्या खाचांत न घुसता वर सपाट बसते. आपल्याला तेच हवंय, कारण छापलेली लांबी साधारण त्याच रेषेवरची असते. अल्टरनेटर ज्या लांबट खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, आत-बाहेर सरकतो, तिथे तो इंजिनाकडून एक तृतीयांश बाहेर येईल असा आवळा. मधोमध नाही, एक तृतीयांश. बेल्ट वापरात ताणतो, तेव्हा बाहेरच्या बाजूला जागा जास्त उरली पाहिजे. मग पट्टी तिन्ही पुल्यांवरून फिरवून घट्ट ओढा, जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे ब्लेडनं खूण करा, पट्टी काढून फरशीवर सरळ करा आणि मोजा. हे तीनदा करा. तिन्ही मापं दोन-तीन मिमीत आली तर पट्टी बरोबर ओढली असं समजा. ८७० ते ८८० मध्ये आलं तर हिशोबाचाही ताळा जमला. न जमल्यास माझा मिठीचा अंदाज चुकला, पट्टीचंच खरं.

नेमका तोच आकडा दुकानात नसेल तर जवळचा लहान घ्या, मोठा नको. बसवताना अल्टरनेटर पूर्ण आत ढकलल्यावर बेल्ट हातानं चढला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावा लागला तर बेल्ट आखूड आहे. असा चढवलेला बेल्ट वरून नवा दिसतो, पण आतले धागे तिथेच तुटलेले असतात.

मोठा का नको, ते स्वतःच्या पैशानं शिकलोय. माझ्या आधीच्या गाडीला असाच एक बेल्ट सेंटिमीटरभर लांब बसला. मेकॅनिकनं अल्टरनेटर स्लॉटच्या शेवटच्या टोकाला नेऊन कसला आणि म्हणाला, "काही होत नाही साहेब, चालून जाते." तीन आठवडे चाललंही. मे महिना, रामटेकहून परत येत होतो. मनसर सोडलं आणि बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ टेंपरेचरचा काटा वर. कडुनिंबाखाली गाडी लावून बॉनेट उघडलं तर बेल्ट शाबूत! नुसता ढिला, आणि आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, चकचकीत. पाना होता, पण स्लॉट संपलेला, कसणार कुठे? एसी बंद, थांबत-थांबत, इंजिन गार करत नागपूर गाठलं. तेव्हापासून स्लॉट किती उरलाय ते आधी बघतो, बेल्ट नंतर.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. ती १२८ ची पुली.

पुली १५ टक्के लहान झाली म्हणजे पंप आणि अल्टरनेटर दोन्ही १५ टक्के हळू फिरणार. अल्टरनेटरची पुली ६० मिमीची धरली तर आधी ८०० आरपीएमच्या आयडलिंगला तो २००० फिरत होता, आता जेमतेम १७००. तुमच्याकडे आता इलेक्ट्रिक फॅन आहे आणि तो नेमका आयडलिंगलाच करंट ओढतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलला एसी लावून उभे राहा: पंप हळू, फॅन फुल, बॅटरी रिकामी होत चाललेली. हायवेवर काही जाणवणार नाही, त्रास सगळा गावातच. त्या बदल्यात पळताना वाचलेली ताकद तुमच्या पायाला कळणारही नाही.

काही जण यावर अल्टरनेटरची पुली ५२ ची करतात. क्रँक आणि अल्टरनेटर पुलीचं गुणोत्तर २.४६ होतं, आधीच्या २.५ च्या जवळ, चार्जिंग सुधारतं. बेल्ट आणखी ९ मिमीनं आखूड घ्यावा लागतो. पण लहान पुलीवर बेल्टची पकड कमी. ९० अँपियर १४ व्होल्टला म्हणजे साधारण १२६० वॅट, आणि अल्टरनेटरमधलं नुकसान धरून बेल्टला सुमारे तीन हॉर्सपॉवर ओढायची असते. चार रिबांचा बेल्ट, लहान पुली, कमी मिठी, त्यावर तीन हॉर्सपॉवर: सकाळी गाडी चालू करताच किंचाळणार. आणि पंप तरीही हळूच राहिला, त्याचं काय?

दुसरी गोष्ट याहून मोठी. तुमची जुनी क्रँक पुली फेकली नसेल तर हातात घेऊन बघा. मधला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा पातळ थर आहे का? असेल तर ती नुसती पुली नाही, डॅम्पर आहे. प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्टला जो पीळ बसतो तो हे रबर शोषतं. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा भरीव गोळा लावला तर तो पीळ क्रँक आणि बेअरिंगवर जातो. हे पहिल्या दिवशी कळत नाही. लेथवाल्याला यातलं सांगायचं कारणच नसतं, त्यानं मापाला पुली करून दिली. मी तुमच्या जागी असतो तर जुनी पुली परत लावली असती, आणि मग कदाचित ९०० चाच बेल्ट चालला असता. दुकानं फिरायची गरजच पडली नसती!

१२८ चीच ठेवायची असेल तर निदान तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते तपासा. लेथवर केलेल्या पुलीत खाचा दोन मिमी पुढेमागे होणं अगदी नेहमीचं. क्रँक आणि पंपाच्या तोंडावर लोखंडी पट्टी टेकवून बघा. मात्र सगळ्या पुल्यांची कडा सारखी जाड नसते, तेव्हा शेवटी खाच ते खाच मोजा. गाडी चालू असताना चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर स्प्रे बाटलीनं रिबांच्या बाजूला थोडं पाणी मारा, हात आणि बाह्या लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे. बाजारात बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो, तो घेऊ नका. आवाज दोन दिवस दबतो आणि धूळ चिकटून बेल्ट खराब होतो तो वेगळाच.

रिबा कमी-जास्त चालतील का, असं शेवटी विचारलंय. सहा खाचांच्या पुल्यांवर चार रिबांचा बेल्ट फिरतो, ताकद कमी ओढतो इतकंच. उलटं अजिबात नको, बाहेर लोंबणारी रिब सुटते आणि बाकीच्यांना घेऊन जाते. पुढे कधी १२० अँपियरवर जाणार असाल तर तिन्ही पुल्या सहा खाचांच्या करा, एक-दोन नव्हे.

हे सगळं बाहेरच्या बेल्टबद्दल. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या टायमिंग बेल्टला यातलं काहीही लावू नका, तो इंजिनाच्या पार्ट नंबरवरूनच घ्यायचा. आणि इंजिन बदललंय ते आरसीवर चढवलंय ना? गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इन्शुरन्सच्या वेळी तेच पुढे येतं.

नवा बेल्ट लावल्यावर शंभरेक किलोमीटरनी एकदा परत कसा. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्यानं दाबलं तर सेंटिमीटरच्या आत-बाहेर दबला पाहिजे. पट्टीचं माप आलं की इथे टाका, आणि जुन्या पुलीचा जवळून फोटोही. ते रबर आहे की नाही, मला बघायचंय.