गोठा आणि गुरं : प्रश्न तुमचे, उत्तरं डॉक्टरबाईंची

प्रश्न : नमस्कार डॉक्टरबाई. माझ्याकडे दोन संकरित गाई आणि एक कालवड आहे. पाऊस सुरू झाल्यापासून माश्या इतक्या चावतात की गाई धारेला स्थिर उभ्याच राहत नाहीत, पाय आपटतात. निंबतेल पाण्यात मिसळून फवारलं, फरक पडला नाही. शेजारी तंबाखूचा काढा लावायला सांगतात. लावू का?
– एक वाचक, ता. अकोले

उत्तर : भाऊ, तंबाखूचा काढा मुळीच नको. त्यातलं निकोटीन कातडीतून अंगात भिनतं. कालवडीच्या तोंडाला लाळ सुटते, अंग थरथरतं, काढा कडक असेल तर जनावर दगावतंही. सीताफळाच्या बियांची पूड कुणी सुचवली, तर तीही नको. डोळ्यात गेली तर डोळा खराब होतो.

आता निंबतेल. ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. तुमच्या पंपातून आधी नुसतं पाणी गेलं असणार आणि शेवटी तेलाचा गोळा. कोमट पाण्यात थोडा अंगाचा साबण विरघळवा. निंब, करंज आणि निलगिरी ही तेलं लिटरमागे प्रत्येकी 10 मिली घ्या, साबणाच्या पाण्यात थोडी थोडी सोडत घुसळा. दुधासारखं पांढरं झालं की जमलं. वर तेलाचे डोळे दिसले तर पुन्हा घुसळा. त्याच दिवशी वापरून टाका. आधी मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस बघा.

पाय आपटतात म्हणता, म्हणजे ही गोठ्यातली चावरी माशी असावी. घरातल्या माशीसारखीच दिसते, पण जवळून बघा : डोक्यापुढे टोचणीसारखी ताठ सोंड असते. नर-मादी दोघंही रक्त पितात आणि बसतात ती मुख्यतः पायांवर. म्हणून फवारा गुडघ्याखाली आणि पोटाखाली मारा, नुसती पाठ भिजवून उपयोग नाही. कासेला लावू नका आणि फवारणी धार काढून झाल्यावरच करा. दूध वास चटकन ओढून घेतं, निलगिरीच्या वासाचं दूध डेअरीवाला परत पाठवेल.

हे तेल माशी हाकलतं, तेही काही तासच. पाऊस पडला की धुवून जातं. निंबातला मुख्य घटक उन्हानंही लवकर निकामी होतो. त्याची खरी करामत अळीवर चालते, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. आणि अळ्या कुठे असतात? तुमच्याच गव्हाणीखाली. उष्टी कुट्टी, शेण आणि मूत एकत्र कुजून जो ओला थर बसतो, तो खुरप्यानं उकरून बघा, पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. उष्ण दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. तेव्हा तो थर आठवड्याला एकदा तरी काढून उन्हात पातळ पसरा आणि मुताची नाली वाहती ठेवा. मी तेलाच्या बाटलीआधी खुरपं लिहून देते, लोकांना ते आवडत नाही.

संध्याकाळी निंबपाल्याचा धूर करता येईल. चिलटं तेव्हाच येतात आणि तिवा, म्हणजे गुरांचा तीन दिवसांचा ताप, डास-चिलटांमुळे पसरतो. पण दारं-खिडक्या उघड्या ठेवा. कोंडलेल्या धुरानं गाय ठसकते आणि दूध घटतं ते वेगळंच.

दुकानातली 'हर्बल' बाटली उलटी करून घटक वाचा. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून पायरेथ्रम निघतं, त्याच्या धर्तीवर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन कारखान्यात बनतात. बाटलीवर फूल छापलं म्हणून ती झाडपाल्याची होत नाहीत. वापरायचीच असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, मात्रेतच. उरलेलं तळ्यात किंवा ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. अंगावर गाठी आणणाऱ्या लंपी रोगाची साथ असेल तर तेलावर विसंबू नका, लस आधी.

प्रश्न : हेच मिश्रण गोचिडांना चालेल का?

उत्तर : गोचिडं अंगावर असतात त्याहून जास्त भिंतीच्या फटीत आणि दगडांच्या सांदीत असतात, तिथेही फवारावं लागेल. एनडीडीबीचा (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा) एक पाठ आहे : लसूण, निंबपाला, निंबोळ्या, वेखंड, हळद, घाणेरीचा पाला, तुळस असं वाटून, लिटरभर पाण्यात मिसळून, गाळून लावायचं. आठवड्यातून एकदा, ऊन असताना. मात्र घाणेरी पोटात गेली तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलते. अंग वाळेपर्यंत जनावर आखूड बांधा, चाटू देऊ नका. उरलेला चोथा गव्हाणीत न टाकता खड्ड्यात पुरा.