ओढणी ओढून घेऊ नका

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा माझी ओढणी डोक्याला बांधून 'हे माझे लांब केस' म्हणत नाचतो. सासूबाई म्हणतात, आत्ताच धाक दाखवा. परवा ह्यांनी ओढणी हिसकावून घेतली. मी काय करू? (कोथरूड)

उत्तर : आधी त्याची ओढणी त्याला परत द्या. मूल दोन-तीन वर्षांचं झालं की 'मी मुलगा', 'मी मुलगी' म्हणायला लागतं. पण कपडे, केस बदलले तरी आपण बदलत नाही, ही समज पक्की व्हायला सहा-सात वर्षं जातात. तोवर मुलं सगळं होऊन बघतात. काहींची ही हौस फिटते, काहींची आयुष्यभर टिकते, तर काही मोठेपणी आपली ओळखच वेगळी असल्याचं सांगतात. तुमचा मुलगा यांतला कोणता, हे आज कुणीही सांगू शकणार नाही. रागावून ते बदलणारही नाही, मूल फक्त लपवायला शिकेल.

माझ्याकडे आलेला एक आठ वर्षांचा मुलगा खेळायच्या चटईवर बसताना मोजे काढेना. बऱ्याच वेळाने काढले, तर पायाच्या एका करंगळीला गुलाबी नेलपेंट. 'बुटात दिसत नाही,' तो हळूच म्हणाला. आठव्या वर्षी त्याचा एवढा हिशेब करून झाला होता, याचं मला फार वाईट वाटलं.

सासूबाईंना एकदा बालगंधर्व रंगमंदिरात न्या. तिथे नाटकांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. त्यांच्यासारखी साडी नेसायला, केस माळायला घरंदाज बायका धडपडायच्या. नाटकातली भूमिका आणि घरातला खेळ एक नव्हे, हे खरं. पण पुरुषाच्या अंगावरची साडी आपल्या आज्या-पणज्यांनी डोळे भरून पाहिली आहे.

प्रश्न : दहा वर्षांची मुलगी केस बारीक कापते, क्रिकेटशिवाय काही सुचत नाही. वयात आली की सुधारेल ना? (एक वडील, सिंहगड रोड)

उत्तर : बिघडलंय काय? तिला चांगली बॅट घेऊन द्या.

प्रश्न : मी सातवीची वर्गशिक्षिका. एका नाजूक बोलणाऱ्या मुलाला वर्गात 'बायल्या' म्हणतात. एक सरही हसतात. मुलाला 'जरा खणखणीत बोल' असं सांगू का? (हडपसर)

उत्तर : त्याला काही सांगू नका, सांगायचं ते वर्गाला आणि त्या सरांना. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. हे मुख्याध्यापकांना लेखी द्या. 'बायल्या' ही शिवी कशी झाली, हे मुलींनाही विचारा. वर्गातल्या निम्म्या मुलांचा त्यात अपमान आहे. आणि मधल्या सुट्टीत तो कुठे असतो, तेवढं पाहा. अशी मुलं स्वच्छतागृहात जायचं टाळतात, दिवसभर पाणी पीत नाहीत.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची, पण मला मुलगी म्हटलेलं सहन होत नाही. आई म्हणते, डॉक्टरकडे नेऊन बरं करू. (पिंपरी)

उत्तर : तुला कसं हाक मारावी हे तू लिहिलं नाहीस, म्हणून नुसतं 'तू' म्हणतो. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या वर्गीकरणात याला मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढलं. 'बदलून देतो' म्हणणारे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. हा परिच्छेद आईला वाचायला दे. घरात मारहाण झाली किंवा कोंडून ठेवलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कर, तो फुकट लागतो. तुझी घुसमट मात्र खरी आहे, त्यासाठी समुपदेशक हवा. आईला घेऊन ये, तिच्याशी आधी मी एकटा बोलेन.