आधी फक्त टेबल करा

घरच्या स्टुडिओचं सगळं फर्निचर स्वतः करायचा तुमचा उत्साह झकास आहे, पण रॅक-कपाटं राहू द्या. पहिल्यांदा नुसतं टेबल.

- प्लाय १८ मिमीचा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो, पण पाणी लागलं की फुगतो. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला हे वेगळं काय सांगायचं!
- खुर्चीत बसून जमिनीपासून कानाची उंची मोजा. स्पीकरचा ट्वीटर (बारीक, उंच आवाज देणारा छोटा भाग) त्याच उंचीवर यायला हवा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं, तिन्ही अंतरं सारखी. मी आधी टेबल केलं, मग मोजलं. पाय तीन इंच कापावे लागले.
- मागे वायरींना जागा. सगळेच विसरतात.

आणि मिरजेत तंबोरे घडतात म्हणून आपल्या हातालाही लाकूड वळेल असं नाही. प्लाय दुकानातूनच कापून आणा.