डेमोला बसायच्या आधी

अगं,

मार्केटिंगचा प्लॅटफॉर्म, म्हणजे ग्राहकांचा डेटा ठेवून त्यांना मेल-मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर, निवडायला तू केलेली शीट मिळाली आणि रात्री बसून अख्खी बघितली, सगळ्या 180 ओळी. चार कंपन्यांचे चार कॉलम, प्रत्येक फीचरपुढे हिरवी नाहीतर लाल खूण आणि तळाला गुणांची बेरीज. मेहनत दिसते, खरंच. पण तळाशी पोचलो तेव्हा बघतो तर पहिल्या आणि चौथ्या कंपनीत फरक फक्त 6 गुणांचा! हे तुझं एकटीचं चुकलं असं नाही, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं, कारण "ईमेल ऑटोमेशन आहे का" असं विचारलं तर कुठला सेल्सवाला नाही म्हणणारे? सगळं असतंच त्यांच्याकडे आणि जे नसतं ते "रोडमॅपवर" असतं.

आधी एक बारीक दुरुस्ती. तू सेल्सफोर्सखाली "जीनी" आणि "डेटा क्लाउड" अशा दोन वेगळ्या ओळी धरल्यायस, ती एकच गोष्ट आहे. ग्राहकांचा डेटा एकत्र करणारं टूल आहे ते, आधी त्याला सेल्सफोर्स सीडीपी म्हणायचे, 2022 ला जीनी झालं, 2023 ला डेटा क्लाउड, आणि 2025 मधे परत नाव बदलून डेटा 360. पारडॉट या त्यांच्या ईमेलच्या टूलचंही तसंच, 2022 पासून त्याला मार्केटिंग क्लाउड अकाउंट एंगेजमेंट म्हणायचं असतं, पण ज्यांनी त्यावर काम केलंय ते सगळे अजून पारडॉटच म्हणतात. नावांच्या मागे लागू नकोस, प्रॉडक्ट आलं कुठून ते बघ.

ते का बघायचं, तर यातले बरेचसे मोठे प्लॅटफॉर्म एका टीमने एका जागी बसून बांधलेले नाहीयेत. सेल्सफोर्सने 2013 मधे एक्झॅक्टटार्गेट ही कंपनी विकत घेतली, साधारण अडीच अब्ज डॉलरला, आणि एक्झॅक्टटार्गेटने त्याच्या आदल्याच वर्षी पारडॉट घेतलेलं होतं, म्हणजे एका फटक्यात दोन ईमेलची टूल्स घरात आली, दोघांचे डेटाबेस वेगळे. अडोबीने 2009 मधे ऑम्निचर घेतलं, 2013 मधे निओलेन, 2018 मधे मार्केटो. ओरॅकलने 2012 ला एलोक्वा, 2013 ला रिस्पॉन्सिस, 2014 ला ब्लूकाय. ब्रोशरमधे एकच मोठं घर दिसतं, आत गेलं की प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. आता काहींनी आतल्या भिंती पाडून बऱ्यापैकी एक केलंय, काहींनी फक्त बाहेरून रंग दिलाय, आणि हे डेमोत कळत नाही कारण डेमोत माणूस एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर इतका सहज उडी मारतो की मधे डेटा कॉपी होतोय हे दिसतच नाही. म्हणून तिथेच थांबवून विचारायचं, की या स्क्रीनवर मी फोन नंबर बदलला तर त्या स्क्रीनवर तो कधी दिसेल? लगेच, पंधरा मिनिटांनी, की उद्या सकाळी? उत्तर देताना समोरचा सोबतच्या टेक्निकल माणसाकडे बघायला लागला तर ते पण लिहून ठेव.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलोय. तुझ्या 180 ओळींत एक प्रश्न कुठेच नाहीये, की हा प्लॅटफॉर्म "एक ग्राहक" कशाला म्हणतो. बाकी सगळं याच्यावर उभं असतं गं. हबस्पॉटमधे ईमेल हीच ओळख, त्याच ईमेलने दुसरा रेकॉर्ड आला की तो पहिल्यातच जाऊन बसतो, सोपं आहे आणि खूप जणांना तेवढं पुरतं. सेल्सफोर्सच्या मार्केटिंग क्लाउडमधे सब्सक्रायबर की असते, म्हणजे प्रत्येक माणसाची ओळख पटवणारी खूण, ती काय ठेवायची ते तू ठरवायचं, पण पहिल्या दिवशी घाईत जे ठरलं ते नंतर बदलायला गेलं की नाकी नऊ येतात. अडोबीच्या एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्ममधे आधी स्कीमा, म्हणजे डेटाचा साचा, बांधावा लागतो, तो एकदा प्रोफाइलसाठी, म्हणजे एका माणसाच्या एकत्र नोंदीसाठी, चालू केला की परत बंद करता येत नाही, आणि डेटा आत गेल्यावर फील्ड नवीन टाकता येतात पण असलेली उपटून काढता येत नाहीत. त्यामुळे तिथे सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसत्या चर्चेत जातात आणि वरचे लोक विचारत राहतात की अजून एक पण ईमेल का गेला नाही.

माझं स्वतःचं एक सांगतो, प्लॅटफॉर्मचं नाव सोड कारण चूक आमची होती. एका प्रोजेक्टवर आम्ही ईमेललाच की केलं, कारण सगळ्यांकडे ईमेल असतोच ना, असा हिशोब. वर्षभर मस्त चाललं. मग लोकांनी नोकऱ्या बदलल्या, ईमेल बदलले, एकेक माणूस सिस्टीममधे दोनदोन तीनतीन वेळा दिसायला लागला. तेही चाललं असतं एकवेळ. पण एका गृहस्थांनी जुन्या ईमेलवरून अनसब्सक्राइब केलेलं होतं आणि आम्ही त्यांना नव्या ईमेलवर दणादण मेल पाठवत होतो. त्यांनी थेट कायदेशीर विभागालाच पत्र लिहिलं. सिस्टीम म्हणत होती की या माणसाने कधी नकार दिलेलाच नाही, आणि सिस्टीमच्या दृष्टीने ते खरंच होतं, तिच्यासाठी ते दोन वेगळे लोक होते. की बदलायला पुढचे सात महिने गेले, त्यात नवीन काही म्हणजे काही झालं नाही.

आता सीडीपी (कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म), डीएमपी (डेटा मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म) आणि एमडीएम (मास्टर डेटा मॅनेजमेंट). तू तिन्ही एकाच कॉलममधे कोंबलेस, त्यांना वेगळं कर. डीएमपी जाहिरातींसाठी होतं, कुकीवर, म्हणजे वेबसाइट ब्राउझरमधे ठेवते त्या छोट्या नोंदीवर, चालायचं, माणूस कोण हे त्याला ठाऊक नसायचंच, फक्त "या ब्राउझरला बुटांमधे रस आहे" एवढंच. सफारीने 2020 मधे थर्ड पार्टी कुकी, म्हणजे बघतोय त्या साइटच्या नसून बाहेरच्यांच्या, पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सने त्याच्या आधीच ट्रॅकिंगच्या कुकी अडवायला सुरुवात केली होती, आणि गूगलने क्रोममधून काढू काढू म्हणत वर्षानुवर्षं तारखा पुढे ढकलून शेवटी काढल्याच नाहीत, पण तोवर डीएमपीचा धंदा बसलेला होता. ओरॅकलने तर 2024 मधे जाहिरातींचा अख्खा व्यवसायच बंद केला, ब्लूकाय हे त्यांचं डीएमपी त्यातलंच. म्हणून कोणी आज डीएमपी म्हणून काही विकत असेल तर ती ओळ सरळ उडव.

सीडीपी हा शब्द डेव्हिड राब यांनी 2013 मधे आणला, कल्पना अशी की ओळखीच्या ग्राहकाचा सगळीकडचा डेटा एका प्रोफाइलमधे आणायचा आणि तो बाकीच्या टूल्सना वापरता आला पाहिजे. एमडीएम त्याच्याहून जुनं आणि त्याचा स्वभाव पण वेगळा, तिथे प्रत्येक ग्राहकाचा एकच गोल्डन रेकॉर्ड, म्हणजे पक्की नोंद, असतो, दोन सिस्टीममधे पत्ता वेगळा असेल तर कुठला टिकेल याचे नियम असतात, कोणीतरी डेटा स्टुअर्ड बसून शंकास्पद जोड्या हाताने तपासतो. इन्फॉर्मॅटिका, रेल्टिओ, स्टिबो हे त्या गल्लीतले. एमडीएम सावकाश पण चोख, सीडीपी चपळ पण "चालेल एवढं बरोबर". जाहिरात दाखवायला अंदाजाने जोडलेलं प्रोफाइल चालतं, म्हणजे एकच डिव्हाइस एकच वायफाय म्हणजे तोच माणूस असणार, पण त्याच अंदाजावर कोणाला त्याचं बिल पाठवलं आणि ते शेजारच्याचं निघालं तर संपलं. मी बघितलेल्या फसलेल्या खरेद्यांत सगळ्यात जास्त हीच गडबड असते, हवं असतं एमडीएम, बजेट मार्केटिंगकडे असतं म्हणून घेतलं जातं सीडीपी, आणि मग दोन वर्षांनी सगळे सीडीपीला शिव्या घालत बसतात.

तिसरा रस्ता पण आहे जो तुझ्या शीटमधे नाहीच, आणि तुमच्याकडे डेटा टीम चांगली आहे असं तू मागे म्हणाली होतीस म्हणून सांगतो. ग्राहकाचा रेकॉर्ड स्वतःच्या डेटा वेअरहाउसमधेच, म्हणजे कंपनीचा सगळा डेटा जमा होतो त्या कोठारात, ठेवायचा, स्नोफ्लेक, बिगक्वेरी, डेटाब्रिक्स जे काही असेल त्यात, आणि तिथून रिव्हर्स ईटीएलने, म्हणजे वेअरहाउसमधला डेटा बाहेरच्या टूल्सना देणाऱ्या हायटच सारख्या टूलने, तयार सेगमेंट, म्हणजे ग्राहकांचे गट, मार्केटिंगच्या टूलमधे ढकलायचे. मला स्वतःला हे आवडतं, कारण उद्या ईमेलचं टूल बदललं तरी ग्राहक तुमच्याच घरात राहतो. पण वेअरहाउस रात्री एकदाच भरत असेल तर कार्ट सोडून गेलेल्या माणसाला दहा मिनिटांत मेसेज पाठवायचं स्वप्न विसरायचं. आधी डेटा टीमला विचार की किती वेळाने भरतं, आणि "जवळजवळ रिअल टाइम" असं उत्तर आलं तर "जवळजवळ म्हणजे किती मिनिटं" हे पण विचार.

किमतीचं थोडक्यात. आकड्याच्या आधी मोजमाप बघ. कोणी कॉन्टॅक्टवर मोजतं, कोणी प्रोफाइलवर, कोणी पाठवलेल्या मेसेजवर, कोणी क्रेडिटवर, म्हणजे आधीच घेतलेल्या वापराच्या युनिटवर. क्रेडिटचं सगळ्यात फसवं, कारण तिथे डेटा आत घेण्याचे, जुळवण्याचे, सेगमेंट परत काढण्याचे सगळ्याचे क्रेडिट लागतात आणि कोणीतरी हौसेने तासातासाला रिफ्रेश लावून ठेवलं की तिमाही संपायच्या आत कोटा संपतो. आणि झोपलेल्या कॉन्टॅक्टचे पैसे लागतात का ते विचार, ज्याला तुम्ही तीन वर्षं काही पाठवलेलं नाही तो. हबस्पॉटने 2020 पासून मार्केटिंग कॉन्टॅक्ट आणि बाकीचे असा भेद केलाय, पैसे पहिल्यांचेच, सगळीकडे तसं नसतं.

ईमेल पोचण्याबद्दल सेल्सवाले फार बोलतील, त्यातलं बरंचसं सोडून दे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना नियम घातले, जीमेलला दिवसाला 5,000 च्या वर मेल जात असतील तर मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे दाखवणारे एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही हवेत, एका क्लिकवर अनसब्सक्राइब हवं आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3% च्या खाली. हे कुठल्याही टूलमधे करता येतं, पण डोमेनची पत तुमची असते, टूलची नाही. फक्त टूल बदललं की नवीन आयपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, हळूहळू तापवावा लागतो, थोडेथोडे मेल पाठवून वाढवत न्यायचे, त्यात काही आठवडे जातात, ते प्लॅनमधे धर. आणि हो, ज्या केस स्टडीत "ओपन रेट दुप्पट झाला", म्हणजे मेल उघडणारे दुप्पट झाले, असं असेल ती बाजूला ठेव. 2021 मधे ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, तेव्हापासून ॲपलचं मेल ॲप कोणी मेल उघडला नसला तरी आतली चित्रं आधीच लोड करून ठेवतं, आणि चित्र लोड झालं की मेल उघडला असं मोजलं जातं, त्यामुळे ओपन रेट तसाही फुगलेलाच असतो.

गार्टनर या संशोधन कंपनीचा तो कंपन्यांची तुलना करणारा चौकोन शीटला जोडलायस, असू दे, वरच्यांना तो लागतोच. पण त्याचे दोन अक्ष बघ, एक कंपनी करून दाखवू शकते का आणि दुसरा तिची दृष्टी किती मोठी. तुमची तीन माणसांची टीम ते चालवू शकेल का, हा अक्ष त्यात नाही. त्या तिघांपैकी किती जणांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा, येते?

आणि बाहेर पडायचं कसं, हे आत शिरतानाच विचारून ठेव. युनिका नावाचं एक जुनं कॅम्पेन टूल आहे, 1992 ची कंपनी, 2010 मधे आयबीएमने घेतली, 2019 मधे एचसीएलकडे गेली. ज्यांनी त्यात वर्षानुवर्षं फ्लो बांधले त्यांनी एकाच सॉफ्टवेअरला तीन मालक बघितले, आपण काही ठरवलेलं नसताना. तू निवडशील त्या कंपनीचं पण असं होऊ शकतं, म्हणून विचार की जायचं झालं तर काय काय घेऊन जाता येईल. कॉन्टॅक्ट सगळे देतात. जर्नी, म्हणजे कुणाला कधी कुठला मेसेज जाईल त्या बांधलेल्या साखळ्या, सहसा नाही मिळत, त्या परत बांधाव्या लागतात, ठीक आहे. पण संमतीचा इतिहास, म्हणजे कोणी कधी कुठल्या फॉर्मवर कुठल्या वाक्याला होकार दिला आणि कधी काढून घेतला, तो तारखांसकट मिळालाच पाहिजे. युरोपातले ग्राहक असतील तर जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षणाचा कायदा 25 मे 2018 पासून लागू आहे आणि संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे, जुन्या टूलवर नाही.

आता कर काय. खुणांचे ते चार कॉलम सध्या झाकून ठेव. तुमच्या खऱ्या डेटामधून 2,000 रेकॉर्ड काढ, जितके घाण तितके चांगले, आणि पाठवण्याआधी अजिबात साफ करू नकोस. त्यात एकाच फोनवर चौघंजण असू देत, एकच आडनाव तीन स्पेलिंगने असू दे, दिवस आणि महिना उलटे झालेल्या तारखा, रिकामे ईमेल, आणि किमान पाच जण असे की ज्यांनी एका ठिकाणी नकार दिलाय आणि दुसऱ्या ठिकाणी होकार. नावं आणि नंबर पाठवण्यापूर्वी झाक किंवा बदल, पण बदलताना घाण तशीच राहिली पाहिजे, हे जरा कटकटीचं काम आहे. मग तू स्वतः बसून हाताने मोज की यात खरी माणसं किती आहेत. दोन दिवस जातील, कंटाळा येईल, पण तो आकडा फक्त तुझ्याकडे असेल. मग चौघांना तीच फाइल दे आणि विचार, किती माणसं? जो दोन माणसं चुकून एक करतो त्याला जो एका माणसाला दोन समजतो त्याच्यापेक्षा जास्त वाईट धर, कारण दोनाचं एक कधीही करता येतं, पण एकात मिसळलेले दोघं परत वेगळे करणं महाकर्मकठीण.

एक ओळ मात्र शीटमधे आजच वाढव, आणि ती कंपन्यांबद्दल नाही. सेल्सच्या सिस्टीममधे ग्राहकाचा एक फोन नंबर आहे आणि सर्व्हिसच्या सिस्टीममधे दुसरा, तर खरा कुठला हे तुमच्याकडे कोण ठरवतं? मी हा प्रश्न एका मीटिंगमधे विचारला होता, अकरा जण होते, अकराही जण एकमेकांकडे बघत बसले. तुमच्याकडे कोण आहे ते शोध, त्या माणसाचं नाव पहिल्या ओळीत लिही, आणि मंगळवारच्या डेमोला त्याला शेजारी बसव.