मुलीच्या आलेखाखालची टीप

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीटच्या दोन प्रयत्नांत तिला एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही. तिचा मावसभाऊ मात्र पहिल्याच प्रयत्नात लागला. आता ती संगणकावर वैद्यकीय निबंधांतील शब्द मोजत बसते आणि संशोधनाचा कल कसा बदलतो ते शोधते, असे म्हणते. डॉक्टर न होता वैद्यकीय संशोधनाचा अभ्यास कसा होणार? नीटचा अर्ज भरेपर्यंत मी तिचे इंटरनेट बंद केले आहे. तिचा एक आलेख सोबत पाठवत आहे. तिला कसे समजवावे? – एक पालक

उत्तर : आपल्या पत्रात मावसभावाचे यश आहे, नीटचे प्रयत्न आहेत, मुलीचे स्वतःचे म्हणणे मात्र ‘असे म्हणते’ एवढ्यावर उरकले आहे. तिच्या गुणांपेक्षा मला याची आणि बंद केलेल्या इंटरनेटची काळजी अधिक वाटते. विशीतल्या मुलीचे अभ्यासाचे साधन काढून घेऊन तिच्याकडून अर्ज भरून घेता येईल, परंतु त्यापुढचा अभ्यास त्या धाकाने करवून घेता येणार नाही, आणि घरात आपले काम दाखवणे ती बंद करील ते वेगळेच. इंटरनेट आजच सुरू करा. त्याला कोणतीही अट जोडू नका.

वेळ वाया जात असल्याचा पुरावा म्हणून आपण पाठवलेला आलेख मी लक्षपूर्वक पाहिला. इन्सुलिनवर अवलंबून नसलेला मधुमेह, या अर्थाच्या जुन्या इंग्रजी नावाचे, पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीतील निबंध १९९७ नंतर घसरत गेलेले त्यात दिसतात. खाली तिने पेन्सिलीने लिहिले आहे की संशोधन आटले नाही. त्या वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने ते नाव सोडून ‘टाइप २’ वापरण्याची शिफारस केली. ही टीप आलेखापेक्षा मोलाची आहे, कारण मोजणी यंत्र करते, पण घसरण खरी की नावापुरती हे माणसालाच ओळखावे लागते. कोविड-१९ हे नावही ११ फेब्रुवारी २०२० रोजी दिले गेले, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या निबंधांत ते नाव सापडत नाही. तिच्या कामात एक उणीव मात्र आहे. तिने नुसत्या संख्या मांडल्या आहेत. एकूण निबंधच वर्षागणिक वाढत असल्याने त्या-त्या वर्षीचे शेकडा प्रमाण काढायला हवे होते.

डॉक्टर झाल्याशिवाय हे काम होत नाही, हा आपला समज चुकीचा आहे. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वान्सन यांची पदवी सैद्धांतिक भौतिकशास्त्राची होती आणि ते काम करत ग्रंथालयशास्त्रात. थंडीने बोटांचा रक्तप्रवाह आखडण्याच्या रेनॉड विकारावरील निबंध आणि माशाच्या तेलावरील निबंध एकमेकांचा उल्लेखही करत नव्हते. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून वाचल्यावर त्यांनी १९८६ मध्ये असे सुचवले की या तेलाने त्या रुग्णांना आराम पडू शकेल. त्याची चाचणी पुढे वैद्यकीय संशोधकांनी घेतली. कामाची ही वाटणी आपल्या मुलीनेही ध्यानात ठेवावी. आजाराविषयीचा निष्कर्ष तिने एखाद्या जाणत्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मांडू नये.

या नेमक्या नावाने नोकरीची जाहिरात क्वचितच निघेल. मात्र हे कौशल्य जैवसंख्याशास्त्रात उपयोगी पडते, आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींसाठी प्रकाशित निबंध सतत चाळावे लागत असल्याने औषध कंपन्यांनाही ते लागते. पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटींची जॅम ही प्रवेश परीक्षा आणि भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतंत्र परीक्षा आहे. तपशील त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतील.

तिला कसे समजवावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. पुढचे पत्र तिला लिहू द्या आणि मधुमेहाची दोन्ही नावे एकत्र धरून, शेकडा प्रमाणात काढलेला नवा आलेख तिला सोबत जोडायला सांगा. नीट पुन्हा द्यायची आहे असे तिने स्वतः लिहिले, तर त्याविषयीही मी तिला सविस्तर उत्तर देईन.