हे सॉफ्टवेअर बंद पडलं तर ओरडणार कोण?

प्रश्न : एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत मी आयटी विभाग सांभाळतो. संचालक मंडळानं येत्या तीन वर्षांसाठी दोन उद्दिष्टं ठरवली आहेत : वितरकांबरोबरच ग्राहकालाही थेट माल विकायचा आणि ऑर्डर आल्यापासून माल पोहोचेपर्यंतचा वेळ निम्म्यावर आणायचा. 'यात आपली कुठली सॉफ्टवेअर उपयोगी आहेत आणि कुठली नुसती पोसतोय ते दाखवा,' असा मला आदेश आहे. आमच्याकडे सव्वाशेच्या आसपास ॲप्लिकेशन्स आहेत. ग्राहकांची माहिती तीन ठिकाणी आहे. एक संचालक म्हणतात, सगळं मोडीत काढा आणि एकच मोठं ईआरपी (लेखे, खरेदी, साठा, विक्री सगळं एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सव्वाशे हा आकडा कुठून काढलात? सर्व्हरवर दिसतं तेवढंच मोजलं असेल, तर बरंच सुटलंय. मी आयटीत आले ती हिशेबखात्यातून, त्यामुळे यादी करायची म्हटलं की माझा हात आधी खतावणीकडे जातो. परवान्यांची बिलं, देखभालीचे वार्षिक करार, विभागप्रमुखांनी कंपनीच्या कार्डावर परस्पर घेतलेली सबस्क्रिप्शन्स, सगळं तिथं सापडतं. त्याला लॉगिनच्या नोंदी जोडा. पैसे कशाचे जातात आणि माणसं खरोखर उघडतात काय, यातली तफावत पाहून पहिल्याच आठवड्यात संचालकांना दाखवण्याजोगं काहीतरी हाती लागेल.

मग प्रत्येक विभागात जाऊन विचारा, 'महिनाअखेरीला कुठली एक्सेल फाइल उघडल्याशिवाय तुमचं काम पुरं होत नाही?' त्या फाइलीही यादीत घ्या. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या फाइलीला कुणी 'ॲप्लिकेशन' म्हणत नसेल. पण काम तीच करत होती.

यादीत प्रत्येक नावापुढे वर्षाचा एकूण खर्च, ते कशाकशाला जोडलंय आणि विक्रेत्याचा सपोर्ट कधी संपतो, हे लिहालच. मालकाच्या रकान्यात मात्र तुमच्या विभागातल्या कुणाचं नाव घालू नका. विक्री, गोदाम, लेखा, ज्याच्या कामासाठी ते चालतं त्या माणसाचं नाव हवं. नाव द्यायला कुणीच पुढे आलं नाही, तर त्या सॉफ्टवेअरचा अर्धा निकाल तिथंच लागला.

आता उद्दिष्टं. सव्वाशे नावं एका बाजूला, दोन उद्दिष्टं दुसऱ्या बाजूला आणि मधे टिकमार्क, असा तक्ता कृपा करून करू नका. ज्याला त्याला आपलं सॉफ्टवेअर दोन्हींसाठी 'अत्यावश्यक'च वाटतं. उलट, एखादी खरी ऑर्डर हातात घ्या आणि तिच्या मागे मागे चालत जा. ऑर्डर नोंदली कधी, उधारीची मर्यादा तपासली कधी, माल शिल्लक आहे हे कुणाला कधी कळलं, गाडी कधी लागली, बिल कधी निघालं. प्रत्येक टप्प्यापुढे तास लिहा. बहुतेक वेळ वाट पाहण्यात गेलेला दिसेल. शिल्लक मालाचा आकडा विक्रीच्या सिस्टिमला रात्री एकदाच, एकगठ्ठा (बॅचमध्ये) मिळत असेल, तर दुपारची ऑर्डर सकाळपर्यंत पडून राहणारच. अशा वेळी महागडं नवं सॉफ्टवेअर कशाला? त्या दोन सिस्टिममधला एक दुवा सुधारा. तुमच्या दुसऱ्या उद्दिष्टाचा पैसा अशा जागी जायला हवा.

थेट विक्रीचं तसं नाही. वितरकाला ट्रकभर माल देण्यासाठी बांधलेल्या सिस्टिमला एका नगाचं बिल, आगाऊ आलेले पैसे, ग्राहकानं परत पाठवलेला माल या गोष्टी बहुधा ठाऊकच नसतात. परतीचा माल तर हमखास विसरला जातो. इथं नवी गुंतवणूक लागेल, हे संचालकांना आत्ताच सांगा.

वर्गवारीसाठी गार्टनर या संशोधन-सल्लागार कंपनीची चार खणांची रीत प्रसिद्ध आहे : व्यवसायाला उपयोग किती आणि तांत्रिक प्रकृती कशी, या दोन मापांवर सोसा, त्यात पैसे गुंतवा, दुसऱ्या सिस्टिमवर हलवा किंवा काढून टाका. वापरा, पण उपयोगाचे गुण मागू नका. सगळे पाचपैकी पाच देतील. 'हे एक दिवस बंद राहिलं तर काय अडेल? आठवडाभर? महिनाभर?' असं विचारा. आणि पगार, कर, लेखे यांची सॉफ्टवेअर तुमच्या दोन्ही उद्दिष्टांना शिवतही नाहीत म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड चालवू नका. ती स्वस्तात आणि सुरक्षित चालावीत, सपोर्टमध्ये असावीत, एवढंच त्यांच्याकडून हवं असतं.

काढून टाकायचं ठरलं की खरोखर काढा. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीच्या प्रणालीत वर्षानुवर्षं न वापरलेला एक कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवं सॉफ्टवेअर आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचं राहिलं, तिथं तो जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. तेव्हा जोडण्या तोडा, जुन्या नोंदी कायद्यानं लागतात तितकी वर्षं वाचता येतील अशा ठेवा आणि कराराचं आपोआप नूतनीकरण होण्याआधी नोटीस द्या. शेवटची गोष्ट राहून गेली तर बंद सॉफ्टवेअरचेही पैसे भरावे लागतात.

राहिलं ईआरपी. तुम्ही एसएपी कंपनीचं ईसीसी हे जुनं ईआरपी वापरत असाल, तर त्याच्या शेवटच्या आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्टही २०२७ अखेर संपतो; तेव्हा हा विषय तुमच्या इच्छेवर फारसा उरलेला नाही. एरवी संचालकांना विचारा : ग्राहकाचा पत्ता विक्री, सेवा आणि लेखा या तीन ठिकाणी तीन तऱ्हांचा असेल, तर खरा कुठला धरायचा? हे ठरवल्याशिवाय ईआरपी आणलंत तर तिन्ही पत्ते एकाच महागड्या ठिकाणी येऊन बसतील. माझं मत विचाराल तर लेखे, खरेदी, साठा एकत्र करा. थेट विक्रीचा भाग निदान पहिली दोन वर्षं बाहेरच ठेवा. तिथं दर महिन्याला काहीतरी बदलावं लागेल आणि ईआरपीतला बदल इतक्या चटकन होत नाही.

प्रश्न : एका वरिष्ठांनी हौसेनं घेतलेलं ॲनालिटिक्सचं सॉफ्टवेअर आमच्याकडे जेमतेम सहा-सात माणसं वापरतात. खर्च प्रचंड आहे. त्यांना न दुखावता ते बंद कसं करावं?

उत्तर : तुम्ही बंद करूच नका. त्याचा पूर्ण खर्च आयटीच्या खात्यातून काढून त्यांच्या विभागाच्या खात्यावर टाकण्याची परवानगी मुख्य वित्त अधिकाऱ्यांकडून घ्या आणि शेजारी दरमहा किती जणांनी लॉगिन केलं तो आकडा छापा. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी सही त्यांच्याकडेच मागायला जा.