शाळा बदलण्याआधी आठ वर्षांची फी मांडून पाहा

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. वाचनात बरीच मागे पडली आहे, शाळेतून सतत तक्रारी येतात. पाचवीपासून तिला खासगी शाळेत घालावं असं वाटतं. तिथली फी आमच्या हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या 15 टक्के आहे. ती भरायची तर निवृत्तीसाठीची बचत पूर्ण थांबवावी लागेल. निवृत्तीला वीस वर्षं आहेत. काय करावं?

उत्तर : तुमची घालमेल समजते. पण ही फी भरून नक्की काय मिळणार आहे, हे ठरल्याशिवाय पैसे गुंतवू नका. ती वाचनात का अडकते आहे, हे आधी शोधा. डोळे आणि कान तपासून घ्या; फळा नीट न दिसणं हे कारण अगदी सहज नजरेतून सुटतं. मग मानसशास्त्रज्ञाकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं आणि ध्वनी जुळवून वाचण्यातली अडचण, निघाला तर अक्षर-ध्वनीची जोडी पायरीपायरीने पक्की करून घेणारा विशेष शिक्षक लागतो, आठवड्यातून दोन-तीन वेळा, तोही सलग काही महिने. असा शिक्षक नव्या शाळेत नसेल तर शाळा बदलूनही वाचन आहे तिथेच राहील, आणि फी भरून वर ही शिकवणी वेगळी लावावी लागेल.

आता हिशेब. पहिल्या वर्षाची फी 100 धरा. ती दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढली तर पाचवी ते बारावी एकूण 800 नव्हे, सुमारे 1,144 भरावे लागतील. तुमचं उत्पन्न वर्षाला 5 टक्क्यांनी वाढलं, तरी आठव्या वर्षी फीचा वाटा 15 वरून जवळपास 21 टक्क्यांवर जातो. यात प्रवेश शुल्क, डिपॉझिट, बस, गणवेश, सहली धरलेल्या नाहीत. शाळेकडून मागच्या पाच वर्षांचे फीचे आकडे मागा. टाळाटाळ झाली तर तेवढ्यावरूनच सावध व्हा.

बचत थांबवण्याची किंमत याहून मोठी आहे. आठ वर्षं दरवर्षी 100 बाजूला टाकले आणि 8 टक्के परतावा मिळाला, तर निवृत्तीपर्यंत त्या 800 चे सुमारे 2,680 होतात. नंतर दुप्पट बचत करून भरून काढू, असं बहुतेक घरं म्हणतात. पण तेव्हा कॉलेजचा खर्च दारात उभा असतो. म्हणून बचत पूर्ण थांबवण्याला माझा स्पष्ट नकार आहे. कर्ज काढून फी भरण्यालाही. फी दरवर्षी येते, त्यामुळे पहिलं कर्ज फिटायच्या आत दुसरं डोक्यावर बसतं.

तपासणी आणि विशेष शिक्षक यांचा खर्च सहसा पूर्ण फीपेक्षा खूप कमी असतो. आताच्याच शाळेत राहून सहा महिने हे करून पाहा. वाचन मोजायची सोपी पद्धत अशी : तिच्या इयत्तेचा अनोळखी परिच्छेद दर महिन्याला एक मिनिट वाचायला द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. आकडा वर सरकत असेल तर शाळा बदलायची घाई नको. त्याच सहा महिन्यांत महिन्याच्या फीइतकी आणि वर फीच्या 20 टक्के रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, निवृत्तीची बचत चालू ठेवून. घरखर्चाची ओढाताण झाली, तर ही फी झेपणारी नाही हे कळेल. साठलेली रक्कम तपासणीला आणि शिक्षकाला कामी येईल.

मात्र मुलीला शाळेत त्रास दिला जात असेल, ती रोज सकाळी शाळेत जायला घाबरत असेल किंवा शाळा मदतच नाकारत असेल, तर सहा महिने थांबू नका. तेव्हा आधी दुसऱ्या कमी फीच्या शाळा पाहा. खासगी शाळाच घ्यायची ठरली तर बचत निम्म्यावर आणा, त्याखाली नको, आणि सहा महिन्यांचा घरखर्च आणि त्याशिवाय एक वर्षाची फी राखीव ठेवा. वर्गात किती मुलं आहेत, विशेष शिक्षक शाळेच्या नोकरीत आहे का, त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे लेखी घ्या. वर्षाच्या मध्येच मुलीला काढावं लागलं तर किती फी परत मिळते, हे पहिला हप्ता भरण्याआधीच विचारा.